पोर्चवरचं तापमान

लोरेटा वोयताशेक एकतीस हिवाळे पोर्चवर उभी राहिली आणि त्या एकतीस हिवाळ्यांत गावाच्या लाडक्या फुटबॉल टीमनं विजेतेपदाचा शेवटचा सामना एकदाही जिंकला नाही. या दोन्ही गोष्टी अमेरिकेतल्या त्या लॅकवाना गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. त्या शेजारीशेजारी ठेवून बघायचा आगाऊपणा मात्र कुणी केला नव्हता. तिच्या नवऱ्यानं तर नाहीच.

नवरा म्हणजे काझिमीर, गावाचा काझ. पोलादाच्या कारखान्यात अकरा वर्षं, कारखान्याला टाळं लागल्यावर शाळेच्या बसवर सव्वीस वर्षं, आणि हे चालू असताना कुणी न सांगता क्रीडासमीक्षक. दर सोमवारी सकाळी जीन पिकुलच्या केस कापायच्या दुकानात आरशाशेजारी एक टाइप केलेला कागद लागायचा. वर लिहिलेलं असायचं 'शनिवार-रविवारची मतं'. मतं काझची, टायपिंग लोरेटाचं. गालाला साबण लावून बसलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, त्यामुळे कागदाला वाचक चांगला होता.

काझला सगळ्या खेळांबद्दल मत होतं. 'बास्केटबॉलची शेवटची दोन मिनिटं पाऊण तास चालतात. माझी सासू निरोप घ्यायची तेव्हाही असंच व्हायचं.' 'बेसबॉलबद्दल जानेवारीत मत असू नये. माझं आहे.' 'बोस्टनच्या संघाबद्दल: मी रोज प्रार्थना करणारा माणूस आहे, म्हणून गप्प बसतो.' फुटबॉलबद्दल, म्हणजे तिथल्या लांबट चेंडूच्या फुटबॉलबद्दल, अर्धा कागद. आणि सगळ्यात खाली, काझनं न सांगितलेली एक ओळ लोरेटा स्वतःच्या मनानं टाकायची:

'पोर्चवर: चौदा अंश.'

तिकडच्या मापानं बत्तीस अंशांवर पाणी गोठतं, म्हणजे चौदाला काय होत असेल ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. लोक ती ओळ वाचून हसायचे. काझही हसायचा. लोरेटा हसायची की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण बायका त्या दुकानात जात नसत.

सुरुवात अशी झाली. एकतीस वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत टीम चोवीस पॉइंटांनी मागे होती. सुपाचं पातेलं गार व्हायला मागच्या पोर्चवर ठेवलं होतं, ते आणायला लोरेटा बाहेर गेली. झाकण गोठून बसलं होतं. ती ते सोडवतेय तोवर आत टीमचा टचडाउन झाला, म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार नेऊन सहा पॉइंट मिळाले. झाकण निघालं नाही, दुसरा टचडाउन झाला. पातेलं घेऊन ती दारात आली आणि त्याच क्षणी टीमच्या हातून चेंडू सुटला. काझनं मागे वळून बघितलं. तो स्वभावानं मवाळ माणूस. आयुष्यात बायकोवर आवाज चढवला नाही. तो अगदी अदबीनं म्हणाला,

"लोरेटा, तू जरा बाहेरच थांब."

ती जरा थांबली. टीम जिंकली. काझनं काचेवर दोनदा टकटक केलं, म्हणजे आता ये. मग नियमच झाला. फुटबॉलची मॅच सुरू झाली की लोरेटा कोट घालून पोर्चवर, आणि संपली की काचेवर दोन टकटक.

बाहेरच्या माणसाला हा छळ वाटेल. लॅकवानात याला हातभार म्हणत. जीन पिकुल मोसमभर मोजे बदलत नसे, आणि त्याचं गिऱ्हाईकही तक्रार करत नसे. चर्चमधले फादर रविवारच्या झग्याच्या आत टीमचा शर्ट घालायचे. हे फक्त देवाला आणि पहिल्या तीन बाकांना माहीत होतं. अशा गावात एक बाई थंडीत उभी राहते यात विशेष ते काय. शिवाय काझ तिची काळजी घ्यायचा. पहिल्या वर्षी त्यानं स्टूल ठेवलं, तिसऱ्या वर्षी विजेची शेगडी बसवली, पाचव्या वर्षी भिंतीला गोल तापमापक ठोकला. आत बोलावलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, हे त्याच्या लक्षात यायला एकतीस वर्षं लागली.

मोसमाचा शेवट दर वर्षी सारखाच व्हायचा. टीम हरायची आणि गाव एकमेकांना म्हणायचं, "पुढच्या वर्षी." गुड मॉर्निंग म्हणावं तसं.

मग एका जुलैत, मंगळवारी दुपारी, लोरेटा लोकरी कोट घालून पोर्चवर उभी दिसली. घामानं निथळत होती. "आत ये, मॅच नाहीये," काझ म्हणाला. ती म्हणाली, "टकटक कुठं झाली?" त्यानं आत जाऊन काचेवर दोनदा टकटक केलं. ती आत आली, कोट खुंटीला लावला आणि त्याला विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

याला आता दोन वर्षं झाली होती. लोरेटा चर्चच्या मागच्या वृद्धाश्रमात होती आणि काझ रोज दहाला तिथं जाऊन चारला परत यायचा, शाळेच्या बसच्या वेळा पाळल्यासारखा. ती त्याला ओळखत नसे. पण माणूस सभ्य दिसतो, रोज येतो, म्हणून त्याच्याशी नीट बोलायची. मतांचा कागद काझ स्वतः टाइप करायला लागला होता. त्यात चुका फार असायच्या आणि खालची ओळ नसायची.

एक गोष्ट मात्र तिच्यात शाबूत होती. आश्रमाच्या बैठकीच्या खोलीत रविवारी फुटबॉलची मॅच लागली, प्रेक्षकांचा गलका सुरू झाला, की लोरेटा उठायची. कोट घालायची. बैठकीच्या काचेच्या दारातून बाहेर पडून आश्रमाच्या दोन दारांमधल्या चौकोनी जागेत जाऊन उभी राहायची. बर्फाचे बूट काढून ठेवायची जागा ती. पलीकडच्या दाराला कुलूप असायचं, अलीकडचं ढकललं की उघडायचं. सुरुवातीला तिथल्या लोकांनी तिला परत आणून बसवलं. ती परत उठली. शेवटी यव्होन नावाच्या मदतनीस बाईनं तिथं एक खुर्ची नेऊन ठेवली.

ही बातमी जीनच्या दुकानात पोचली आणि त्या मोसमात टीम चौदा सामने जिंकली.

*

शुक्रवारी मोठ्या नर्सनं काझला खोलीत बोलावलं. लोरेटाला आता गिळताना त्रास होत होता, दोनदा पडली होती. सोमवारी सकाळी तिला तिसऱ्या मजल्यावर हलवायचं ठरलं होतं. तिसरा मजला काझला माहीत होता. तिथं माणसं झोपून असतात, टीव्ही नसतो, आणि लिफ्टमधून माणूस वर जाताना दिसतो, खाली येताना दिसत नाही.

"म्हणजे रविवार तिचा खाली शेवटचा," काझ म्हणाला.

"रविवारी मॅच आहे ना?" नर्स म्हणाली. तीही लॅकवानाचीच होती. "देवाची कृपा. अगदी वेळेवर."

काझच्या डोक्यात मात्र दुसरंच काही आलं. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जितक्या मॅचेस त्यानं पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशा लोरेटाशिवाय पाहिल्या. आणि ती बारा फुटांवर होती. एक मॅच तिला शेजारी बसवून बघायची. एकच. सोमवारच्या आधी.

शनिवारी सकाळी त्यानं हे दुकानात सांगितलं. जीन कात्री हातात धरून उभा राहिला.

"कुठली मॅच?"

"उद्याची."

"उद्याची म्हणजे उद्याची? जी जिंकली तर आपण शेवटच्या सामन्यात जातो, ती?"

"दुसरी आहे का उद्या?"

जीननं खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला, म्हणजे पोस्टातल्या रेमंडला, तसंच अर्धवट सोडलं आणि पुढं आला. "काझ, मी काही वाईट बोलत नाही. लोरेटा मला बहिणीसारखी आहे. पण तिला तिथं उभं राहायला कुणी सांगतंय का? ती आपण होऊन जाते. आजारी बाईच्या मनाविरुद्ध करू नये माणसानं."

"तिच्या मनात काय आहे ते तुला काय ठाऊक?"

"मग तुला ठाऊक आहे?"

काझ आरशाशेजारचा मागच्या सोमवारचा कागद काढायला लागला.

"बरं, असं कर," जीन म्हणाला, "फक्त पहिला अर्धा भाग तिला आत बसव. तोवर काही बिघडत नाही. नंतर जाऊ दे तिला तिच्या जागेवर."

"आणि पहिल्या अर्ध्यात वीस पॉइंट खाल्ले तर?" खुर्चीतून रेमंड म्हणाला. त्याचं अर्धं डोकं भादरलेलं होतं, तरी त्याला टीमची काळजी होती. "मी म्हणतो, पुढच्या वर्षी बसव की."

रेमंडला लगेच कळलं आपण काय म्हणालो ते. जीननं त्याचं डोकं जरा जोरातच खाली दाबलं आणि कात्री चालवायला लागला.

"जा तू," तो काझकडे न बघता म्हणाला. "बसव तिला. हरलो तर मी बघतो लोकांचं काय ते."

*

शनिवारी दुपारी काझनं तालीम घेतली. बैठकीत टीव्हीवर बर्फावरची हॉकी लावली होती. हॉकीला लोरेटाला कधी नियम नव्हता, कारण हॉकीची टीम इतकी हरायची की तिला घरात-बाहेर कुठंही ठेवून उपयोग नव्हता. काझनं तिला कोचावर बसवलं, स्वतः शेजारी बसला. तिच्यासाठी त्यानं चॉकलेटमध्ये बुडवलेली जाळीदार मिठाई आणली होती. ती खोकली, तेव्हा गिळायला सोपे असे बारीक तुकडे करून त्यानं एकेक दिला.

"हे मारामारी का करतायत?" तिनं विचारलं.

"हॉकीत चालतं ते."

"यांच्या आया बघत असतील ना?"

"पहिल्या रांगेत बसून."

ती हसली. एक तास वीस मिनिटं बसली. एकदा तिचं डोकं त्याच्या खांद्याला टेकलं. त्यानं श्वाससुद्धा बेतानं घेतला. यव्होन जाता जाता थांबली.

"मिस्टर काझ, आज तर जोडी जमली."

"उद्याही जमेल," काझ म्हणाला.

यव्होननं काचेच्या दाराकडे एकदा बघितलं आणि ती पुढं गेली. दोन वर्षं रविवारी तीच तिथं ड्यूटीला असायची.

*

रविवारी तीनला मॅच होती. दोन वाजल्यापासून बैठक भरली. चाकांच्या खुर्च्या पुढं, काठ्यावाले मागं, सगळ्यांच्या अंगावर टीमचे शर्ट. काहींनी पायजम्यावर घातले होते. काझनं मात्र शर्ट घातला नव्हता. साधा राखाडी स्वेटर. त्यानं टीव्हीचा आवाजही बारीक करून घेतला होता. लोरेटाचा कोट त्यानं सकाळीच यव्होनकडे लपवायला दिला. याहून जास्त तयारी टीमच्या प्रशिक्षकानंही केली नसेल.

लोरेटा कोचावर त्याच्या डाव्या हाताला बसली. हॉकीसारखीच, शांत. काझनं मिठाईचा पुडा उघडला.

मैदानावर पहिला चेंडू उडाला. आवाज बारीक होता, पण बैठकीतल्या पंचवीस म्हाताऱ्यांना काझनं काय सांगायचं? ते एकदम ओरडले. लोरेटा उठली.

"बस ना," काझ म्हणाला.

"माझा कोट?"

"कोट नाही लागणार. आत ऊब आहे. बस."

"माझा कोट कुणी घेतला?" ती खुर्च्यांच्या पाठी, कोचांच्या मागं, दुसऱ्यांच्या मांड्यांवर कोट शोधायला लागली. काझनं तिचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो झटकला. "सोडा. ते सुरू झालंय. मला जायला हवं."

"कुणी सांगितलं जायला?"

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो चर्चमध्ये मोठ्यानं बोलला. "माझ्या नवऱ्यानं," ती म्हणाली.

ती तशीच, हाताच्या बाह्यांमध्ये बोटं लपवून, दारापर्यंत गेली. यव्होननं कोट आणून तिच्या खांद्यावर टाकला आणि काझकडे बघून मान हलवली, नको म्हणून. बैठकीतल्या पुढच्या रांगेतून एक म्हातारी हळूच पुटपुटली, "जाऊ द्या तिला. बरंय ते." आणि टीमनं त्याच मिनिटाला टचडाउन केला. पंचवीस जण पुन्हा ओरडले. कुणी काझच्या पाठीवर थाप मारली.

काझ परत कोचावर बसला. मिठाईचा पुडा शेजारी, लोरेटाच्या जागी. पहिला अर्धा भाग त्यानं पाहिला, म्हणजे पडद्याकडे तोंड करून बसला. टीम सतरा-सात अशी पुढं होती. प्रशिक्षकाचा एकेक निर्णय बरोबर येत होता, आणि यावर काझला काहीच मत सुचत नव्हतं. डावीकडच्या काचेच्या दारातून त्याला ती दिसत होती. तिची पाठ. करडे केस, उजव्या खांद्यावरून घसरलेला कोट. घरी टीव्ही बघताना त्याची पाठ खिडकीकडे व्हायची, त्यामुळे पोर्चवरची लोरेटा त्याला कधी दिसली नव्हती. एवढी वर्षं त्याच्या लेखी ती बाहेर गेली म्हणजे बाहेर गेली. उभी राहिल्यावर ती कशी दिसते हे त्याला त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या अर्ध्यात तो उठला.

"कुठं चाललास?" पुढच्या रांगेतली म्हातारी म्हणाली. "जागा बदलू नको रे बाबा, मॅच चालू असताना."

काझनं जागा बदलली. दार ढकलून तो दोन दारांमधल्या त्या चौकोनात गेला. गार होतं. खुर्ची रिकामी होती. लोरेटा उभी होती, बाहेरच्या दाराच्या काचेला लावलेल्या गोल तापमापकाकडे बघत. तिनं वळून त्याला पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"तुम्हालाही बाहेर काढलं?"

"हो," काझ म्हणाला.

"तुमच्या घरात टीमचं वेड कुणाला आहे?"

"घरात... मलाच."

"मग तुम्हाला का काढलं?"

"माझं काही चुकलं असेल."

तिनं मान डोलावली. हे तिला पटण्यासारखं होतं. "माझा नवरा आत आहे," ती म्हणाली. "टीमवर फार जीव आहे त्याचा. मी आत असले की हरतात. तसं खरं नसतं, पण त्याला वाटतं."

"तुम्हाला वाटत नाही?"

"मला कसं वाटेल?" लोरेटा म्हणाली. "मी बाहेर असतानाही हरतातच की."

काझनं खुर्चीची पाठ धरली. आत कुणीतरी हळहळलं, मग बरेच जण.

"बघा," ती कान देऊन म्हणाली, "चेंडू गेला यांच्या हातून. मला आवाजावरून कळतं. काझचं ओरडणं तर मी झोपेतही ओळखीन. आज त्याचा आवाज येत नाहीये. बरं नाही की काय त्याला."

"बराय तो."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"थोडं."

"चांगला माणूस आहे. शेगडी बसवून दिली मला. इथली कुठं गेली कुणास ठाऊक." तिनं खाली, बुटांच्या रांगेकडे पाहिलं. काझनं स्वेटर काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. तिनं हरकत घेतली नाही.

त्याला एक विचारायचं होतं. दोन वर्षांत विचारलं नव्हतं, त्याआधी एकोणतीस वर्षांत सुचलं नव्हतं. आणि आता विचारणारा तिच्या लेखी तिचा नवरा नव्हता, त्यामुळे जमलं.

"तुम्हाला कधी वाटलं नाही, आत बसून बघावं?"

"वाटायचं की," लोरेटा म्हणाली. "मला आवडतो फुटबॉल. माझे वडील मला खांद्यावर बसवून न्यायचे मैदानावर. लग्नाआधी काझबरोबर दोनदा गेले होते. एकदा विचारलं मी त्याला, सुरुवातीच्या वर्षांत. म्हटलं, एक मॅच बसते ना."

"मग?"

"म्हणाला, पुढच्या वर्षी."

काझला हे आठवत नव्हतं. आठवायचा त्यानं खूप प्रयत्न केला, कारण आठवलं असतं तर निदान त्या दिवशी आपण कुठल्या मॅचसाठी हे बोललो ते कळलं असतं. पण असं तो किती जणांना किती वेळा म्हणाला असेल. तोंडात बसलेला शब्द तो.

"सव्वीस," लोरेटा म्हणाली. तापमापकाकडे बघत होती. "लक्षात ठेवाल? मला सोमवारी लागतं."

"ठेवतो."

"विसराल. पुरुष विसरतात."

"नाही विसरणार."

मग दोघं तिथंच राहिले. तो तिला खुर्चीवर बसवू शकला, एवढं जमलं. आत खेळ कुठं पोचला हे ती सांगत होती. आता आपले पुढं. आता नाही. आता पंचाशी भांडण चाललंय. तिचं बहुतेक बरोबर येत होतं. काझनं आयुष्यात इतकं नीट मॅचचं वर्णन ऐकलं नव्हतं, आणि तो रेडिओच्या जमान्यातला माणूस होता. बाहेर बर्फ पडत होता आणि पार्किंगमध्ये एकही माणूस नव्हता. सगळं गाव कुठं ना कुठं पडद्यासमोर होतं.

शेवटी आत एक मोठा आवाज उठला, चढत गेला आणि मध्येच तुटला. त्यानंतर काही नाही. पंचवीस माणसं असलेल्या खोलीत पाच सेकंद काही ऐकू आलं नाही, मग एका चाकाच्या खुर्चीचा ब्रेक सोडल्याचा आवाज.

काझ पन्नास वर्षं ही टीम बघत होता. त्याला आत जाऊन विचारायची गरज नव्हती.

लोरेटानंही ऐकलं होतं. पण ती शांतता तिला कळली नाही, का कळली आणि तिनं मानली नाही, कुणास ठाऊक. तिनं त्याच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"जिंकले," काझ म्हणाला.

"खरंच?"

"शेवटच्या सेकंदाला."

"बरं झालं. त्याला हवं होतं." ती उठली, कोट सारखा केला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली. हलेना.

"चला ना आत," काझ म्हणाला.

"त्यानं टकटक केल्याशिवाय कसं जायचं?"

काझ आत गेला. बैठकीत लोक उठायला लागले होते. कुणी काठी शोधत होतं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. यव्होन दिवे लावत होती. काझनं दार बंद केलं, वळला, आणि आतून काचेवर दोनदा टकटक केलं.

लोरेटानं दार उघडलं. तिचे गाल लाल झाले होते. ती काझला बघून हसली. ज्याला ओळखतो त्याला बघून माणूस हसतो तशी. स्वेटर अजून गळ्यातच होता.

"जिंकलो म्हणे," ती म्हणाली.

"जिंकलो."

"आणि तू ओरडला नाहीस?"

त्यानं तिला हाताला धरून कोचावर आणलं. मिठाईचा पुडा बाजूला सरकवला. ती बसली, त्याच्या डाव्या हाताला. टीव्ही चालूच होता. पडद्यावर दुसऱ्या गावचे खेळाडू लाल शर्टांत नाचत होते, वरून रंगीत कागदांचे तुकडे पडत होते, आणि एक भलामोठा माणूस आपल्या तान्ह्या पोरीला वर धरून रडत होता. आपले निळे कुठंच दिसत नव्हते. ते केव्हाच आत गेले होते.

पुढच्या रांगेतली म्हातारी खुर्ची वळवताना थांबली. टीव्ही बंद करायला तिनं हात पुढं केला. काझनं मान हलवली. तिनं हात मागं घेतला.

"बघ किती खूश आहेत," लोरेटा म्हणाली.

"हो."

"तो रडतोय."

"रडतात असं, जिंकल्यावर."

तिनं मिठाईचा तुकडा उचलला आणि त्याला दिला. मग त्या लाल माणसांकडे बघत बसली, जाहिराती लागेपर्यंत. जाहिराती लागल्या तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" आणि काझ म्हणाला, "तुमच्याकडेच."

*

सोमवारी नऊला लिफ्ट वर गेली. काझ तिसऱ्या मजल्यावर साडेअकरापर्यंत होता. मग घरी आला, टाइपरायटरसमोर बसला, आणि दोनला जीनच्या दुकानात गेला. कागद सोमवारी दुपारी लागायची ही पहिलीच वेळ.

दुकानात चौघेजण होते. मोसम संपला की दोन दिवस तिथं सुतकच असतं. लोरेटा कुठं उभी होती हे रविवारी रात्रीच गावाला कळलं होतं. ती पूर्ण वेळ बाहेर होती, तरी टीम हरली. याचं काय करायचं ते कुणाला सुचत नव्हतं. एकतीस वर्षांनी पहिल्यांदाच त्या दोन गोष्टी शेजारीशेजारी येऊन बसल्या होत्या. जीननं मोजे बदलले होते.

"काझ," तो म्हणाला, "पुढच्या—" आणि थांबला. गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत राहिला.

काझनं आरशाशेजारी कागद लावला आणि गेला. रेमंडनं उठून वाचला, मग इतरांनीही. चुका होत्या, पण नेहमीपेक्षा कमी. सावकाश टाइप केल्यासारखा वाटत होता.

'शनिवार-रविवारची मतं.

हॉकी: आपण हरलो. मारामारी चांगली झाली. खेळाडूंच्या आयांनी पहिल्या रांगेत बसू नये.

बास्केटबॉल: पाहिला नाही.

फुटबॉल: रविवारची मॅच मी पाहिली नाही. ऐकली. मत नाही.

दारापाशी: सव्वीस अंश.'